भोंग्यातला दिवाकर

देवतळे साहेब गेले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी नेरच्या बसस्टँडवर पुन्हा बोलले.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी माझ्या पेपर-पुस्तकांच्या स्टॉलवर पानाला चुना लावत बसलो होतो. उन्हाळ्याची दुपार, स्टँडवर मोजकी माणसं, कुत्री बाकांखाली. भोंगा खरखरला आणि आवाज आला, "हं-हं... प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. नेरहून दारव्हा मार्गे दिग्रसला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." तोच घोगरा आवाज, सुरुवातीचं तेच घसा साफ करणं, 'फलाट' म्हणताना तोच श्वासाचा धक्का. देवतळे साहेबांना नोकरीभर माईक बंद करायची आठवण राहिली नाही. घोषणा संपली की ते स्वतःशीच पुटपुटत, "चला बाप्पा, च्या घेऊ," आणि ते सगळ्या स्टँडला ऐकू जाई. त्या दुपारी तेही ऐकू आलं.

मी त्यांच्या मातीला जाऊन आलो होतो. लाकडं मी स्वतः रचली होती. कॅन्टीनवाल्याच्या हातून कपबशी सुटली, आणि एक म्हातारी भोंग्याकडे बघून हात जोडायला लागली. मी भुताखेतांना मानत नाही, निदान दिवसा तरी नाही, म्हणून मी उठून चौकशीच्या खिडकीशी गेलो.

खिडकीत दिवाकर बसला होता. सडपातळ, निळा शर्ट, कानांत कापसाचे बोळे, तोंड भिंतीकडे. देवतळे साहेबांच्या हाताखाली त्यानं काही वर्षं काढली होती, पण तोवर कधी माईकला हात लावला नव्हता. नुसता बाजूला बसून असायचा.

"दिवाकर, हे काय रे?"

"गाडी लागली, काका," तो म्हणाला. त्याच आवाजात.

"अरे, पण हा आवाज?"

त्याला माझा प्रश्न कळलाच नाही. "अनाउन्समेंटचा आवाज असाच असते," तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

दिवाकर मूळचा बोरी अरबचा. एसटीत लागला, कंट्रोलर म्हणून नेरला आला आणि इथलाच झाला. गाड्या पुकारणारा हा माणूस स्वतः गाडीत बसत नसे. सायकलनं येई, सायकलनं जाई, आणि सायकलनं जाता येणार नाही तिथं जातच नसे. "इंजिन दातात वाजते," म्हणायचा. कानातला कापूस विकतचा नसायचा. ओळखीच्या शेतातून बोंडं आणून, सरकी काढून, बोटांनी पिंजून तो स्वतः बोळे करायचा. दुकानच्या कापसाला दवाखान्याचा वास येतो अशी त्याची तक्रार होती. गाडी वळणावर दिसायच्या आधी त्याचे हात कानांवर जात, आणि मग आम्हाला कळे की गाडी येते आहे.

माणसाच्या डोळ्यांत तो बघायचा नाही. माझ्याशी बोलताना माझ्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीकडे बघे. एकदा ती गुंडी तुटली, तर स्वारी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बायकोकडून गुंडी लावून घेतली तेव्हा संभाषण सुरू झालं. डब्यात भाकर, वरण आणि मिरची, तीन वेगळ्या डब्यांत, बारा महिने. वरणाचा थेंब भाकरीला लागला तर ती भाकर कुत्र्याला.

आणि विचारलं तेवढंच सांगायचा. एकदा एक शेतकरी धापा टाकत खिडकीशी आला.

"साहेब, दारव्ह्याची गाडी गेली काय?"

"गेली."

"आता मंग?"

"आता ती नेरात नाही."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला खुणेनं सांगितलं की बाबा, पुढची केव्हा ते विचार. त्यानं विचारलं, दिवाकरनं सांगितलं, दोघंही समाधानी. नव्या माणसाला तो उद्धट वाटायचा. मला तो उद्धट कधीच वाटला नाही, पण त्याच्याजवळ बसलं की मानेवर कसलीतरी गार हवा लागल्यासारखं व्हायचं आणि ते का, हे मला पुष्कळ दिवस उमगलं नाही.

उमगलं ते एका सकाळी. मी त्याला स्टॉलवर लक्ष ठेवायला सांगून चहाला गेलो होतो. स्टॉलकडे पाठ करून उभा होतो, कॅन्टीनवाल्याशी बोलत. तेवढ्यात माझ्या मागून मीच बोललो. "घ्या ना बाई, घ्या. वाचलं तं फायदा, नाही वाचलं तं पंखा." हे माझं वाक्य. ह्याच वाक्यावर मी आयुष्यभर गिऱ्हाइकं केली. वाक्य कुणीही उचलेल हो, पण पुढचा दात पडल्यापासून माझ्या 'स'मधून शीळ निघते, ती शीळसुद्धा होती, "सस्तं हाये" म्हणताना. स्वतःचा आवाज दुरून, दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं ही चांगली गोष्ट नाही. क्षणभर मला वाटलं की मी तिकडे स्टॉलवर बसलेलो आहे आणि इथं कप घेऊन उभा आहे तो कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. मी वळलो. बाई पुस्तक घेऊन चालली होती. दिवाकर माझ्या जागेवर बसून माझ्यासारखाच हसला, आणि हसू संपल्याबरोबर त्याचा चेहरा पुसून टाकल्यासारखा कोरा झाला.

त्यानंतर मी कान देऊन ऐकायला लागलो. जे सापडलं ते असं, की दिवाकरजवळ प्रत्येक कामाला एक माणूस होता. कुणी रांग मोडली की बोरीच्या शाळेतले मास्तर रागवायचे. हे मास्तर कधीच वारले होते. त्यांची मुलगी एकदा माहेराहून परत जाताना नेरला गाडी बदलायला उतरली, आणि रांगेतल्या कुणाला तरी "अक्कल गहाण ठेवली काय रे?" असं वडिलांच्या आवाजात विचारलेलं ऐकून फलाटावर मटकन खालीच बसली. म्हाताऱ्या बायकांशी तो त्याच्या आईच्या आवाजात बोलायचा, तीही गेलेली. ड्रायव्हर-कंडक्टरांशी थट्टा करायची तर कॅन्टीनवाला. पुस्तक विकायचं तर मी. ह्या सगळ्यांच्या मध्ये दिवाकर कुठं आहे, हे मी शोधत राहिलो आणि मला तो सापडला नाही.

देवतळे वहिनींना हे कोणीतरी जाऊन सांगितलं असावं. एका दुपारी त्या स्टँडवर आल्या आणि भोंग्याखालच्या बाकावर बसल्या. मी विचारलं, "कुठं निघालात, वहिनी?"

"कुठीच नाही, भाऊ. आयकून राह्यली."

भोंगा बोलला. घसा साफ झाला, दिग्रसची गाडी लागली, "चला बाप्पा, च्या घेऊ" झालं. वहिनींनी पदराखालून छोटा थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि शेजारी रिकाम्या जागेवर ठेवला. पुढं तो त्यांचा रोजचा नेम झाला. त्या चहाचं काय होई ते मी बघत नसे.

मधल्या काळात दिवाकरचं लग्न झालं. सुनंदा केळापूरची, हसरी, बोलकी. वर्षभरात तिचं बोलणं कमी झालं, हसणं त्याआधीच. मग मुलगी झाली, यशोधरा. तिला सगळे यशू म्हणत. यशू चालायला लागली, धावायला लागली, शाळेच्या वयाला आली, पण शब्द काढेना. हाक मारली तर वळायची नाही, आणि मागच्या खोलीत मांजराचं पाऊल वाजलं तर दचकायची. तिच्या कानांत दिवाकर स्वतः पिंजलेले छोटे बोळे घालायचा, आणि बापलेक मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून तासन् तास बसायची, एकमेकांकडे न बघता.

यशू पहिल्यांदा बोलली तेव्हा सुनंदाची आई केळापूरहून आलेली होती. म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. यशू दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हं-हं. प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे." आवाज पोरीचा, बारीक. पण चाल देवतळे साहेबांची, धक्का देवतळे साहेबांचा, आणि शेवटी हळूच, "चला बाप्पा, च्या घेऊ." देवतळे साहेब तिच्या जन्माआधीच गेलेले. म्हातारीनं शेंगांचं सूप फेकून दिलं आणि शेजारच्या घरात जाऊन बसली.

गावाला एवढं पुरे होतं. मेलेला माणूस बापात आला, बापातून लेकीत उतरला. लोक दिवाकरच्या दाराशी यायला लागले. आधी सहज, मग मुद्दाम. कुणी म्हणे, आमच्या म्हाताऱ्याचा आवाज काढते काय? कुणी म्हणे, काही विचारायचं होतं. एका बाईनं यशूसमोर पाट मांडून त्यावर नारळ ठेवला. दुसरीनं चौकशीच्या खिडकीच्या कठड्यावर उदबत्ती खोचली, तर दिवाकर नाक दाबून बाहेर पळाला आणि त्या दिवशीची अमरावतीची गाडी कुणी पुकारलीच नाही. हे बौद्ध कुटुंब. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, गुरुवार-शनिवार काही नाही. सुनंदाच्या आईला मी तेवढं बोललो, तर म्हातारी म्हणाली, "आपन देव मानत नाही, भाऊ, हे खरं हाये. पन भूत थोडंच इचारून येते?"

सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सुनंदाला बाजूला घेऊन सांगितलं की पोरीला नागपूरला दाखव, अशा मुलांच्या डॉक्टरीणबाई आहेत तिथं. सुनंदानं मला गळ घातली, "काका, तुम्ही चाला. हे गाडीत बसले तं बसले." बसला. भर उन्हाळ्यात बापलेकीच्या डोक्याला सारखेच मफलर, आत कापूस, दोघांचे डोळे मिटलेले. वाटेत कितीही गचके बसले तरी दोघं जागची हलली नाहीत. कंडक्टरनं मला हळूच विचारलं, बरं आहे ना त्यांना?

डॉक्टरीणबाई मऊ आवाजाच्या होत्या, वाक्याच्या शेवटी किंचित थांबायच्या. यशूला त्यांनी खेळणी दिली, बराच वेळ पाहिलं आणि मग आईबापाला विचारायला लागल्या. गर्दीत कान झाकते का?

"झाकावेच लागतात," दिवाकर म्हणाला.

एकाच प्रकारचं जेवते?

"बाकीचं जेवण तोंडात आवाज करतं."

आणि दुसऱ्यांचं बोललेलं बोलते?

"मग कोणाचं बोलायचं?" दिवाकरनं विचारलं, अगदी मनापासून.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "दिवाकरजी, तुम्ही आत्ता ज्या आवाजात बोलताय, तो कोणाचा आहे?"

"तुमचा," दिवाकर म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. खोलीत आल्यापासून तो शुद्ध, मऊ बोलत होता, वाक्याच्या शेवटी किंचित थांबत होता. बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता परत ठेवला. "आणि बाहेर बसला होतात तेव्हा?"

"दाराजवळच्या शिपायाचा."

"घरी?"

उत्तर सुनंदानं दिलं. "घरी कामापुरते दोन शब्द बोलतात, बाई. नाहीतर नुसते बसतात."

त्यानंतर आणखी खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला मफलर, कापूस, मिटलेले डोळे. शेवटी बाईंनी दोघांचं सांगितलं, मुलीचं आणि बापाचं, एकाच दिवशी. यशूला ऑटिझम आहे आणि दिवाकरलाही आहे, जन्मापासून. त्या म्हणाल्या, काही माणसांना बोलणं आतून आपोआप येत नाही. ती ऐकलेलं उचलून ठेवतात आणि वेळेला काढून वापरतात. मूल ते उघड करतं म्हणून आईबाप घाबरतात. तुम्ही ते इतकं बेमालूम केलंत की कोणालाच कळलं नाही. पुष्कळदा मुलाचं निदान होतं तेव्हाच आईबापाचं कळतं, कारण हे घराण्यात चालत येतं. तिच्यात ते बहुतेक तुमच्याकडून आलंय. आणि ह्यात काहीही भयंकर नाही. फक्त माणूस थकतो फार.

"संध्याकाळी येते थकवा," दिवाकर म्हणाला. मग, "बरं," म्हणाला. ते 'बरं' माझं होतं.

ह्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात हे मी नंतर माझ्याच स्टॉलवरच्या एका मासिकात वाचलं. शब्द बनवणाऱ्यानं दिवाकरला पाहिलेलं नसावं. तो बिचारा स्वतःत मग्न व्हायला कधी मोकळाच नव्हता.

परतीच्या गाडीत यवतमाळ मागे पडल्यावर त्यानं एकदा डोळे उघडले आणि माझ्या गुंडीकडे बघत विचारलं, "काका, हे सगळे लोकाईचे हायेत. मंग माहा कोनता?"

मी म्हणालो, "असेल रे कुठंतरी. सापडेल."

"कुठी पाहू?" तो म्हणाला. थट्टा नव्हती, तो पत्ता विचारत होता. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

दिवाकरला लपवाछपवी येत नसे. दुसऱ्या दिवसापासून तो खिडकीत येणाऱ्या प्रत्येकाला गाडीच्या वेळेबरोबर सांगायला लागला, "मले ऑटिझम हाये. माह्या पोरीले बी हाये." मला वाटलं, आता तरी नारळ बंद होतील. झालं उलटंच. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, माना डोलवल्या आणि एकमेकांना सांगितलं की पाहा, नागपूरच्या डॉक्टरनं बी तेच काढलं. बापातून लेकीत आलं म्हणे. त्याले इंग्रजीत ऑटिझम म्हनतात. शिकलेल्या बाईनं शिक्का मारल्यावर शंकेला जागाच उरली नाही. पूर्वी जे कुजबुजत येत ते आता राजरोस यायला लागले.

केळापूरच्या म्हातारीनं तर ह्यातून उपायही काढला. बापातून येतं ना, मग लेकरू बापापासून तोडायचं. त्या बाजूला एक बाबा होता. त्यानं निरोप पाठवला की पोरीला माझ्याकडे सव्वा महिना ठेवा, बापाचा आवाज कानावर पडू देऊ नका, आत कोण आहे त्याला मी नाव विचारतो. नाव सांगितलं की तो निघतो. नंतर ती बापाकडे परत जायची नाही, गेली तर पुन्हा भरेल.

मी सुनंदाला समजवायला गेलो. तिनं मला चहा दिला आणि समोर बसली.

"काका, तुम्ही मले डॉक्टरीनबाईचं सांगू नका, मले पाठ हाये. पन मी कोनासंग संसार करून राह्यली, हे सांगा. सकाळी देवतळे साहेब च्या मागतात. जेवताना मास्तर रागावतात. तब्येतीचं इचारलं तं तुम्ही बोलता. मी मेलेल्या मानसाईत राह्यते. माहा नवरा कुठी हाये? अन् आता पोरगीबी तथीच चालली. तिले तरी बाहेर काढू द्या मले."

तिला दोष द्यायला माझी जीभ वळली नाही, आजही वळत नाही. मी दिवाकरला गाठलं. म्हटलं, तू नाही म्हण, बाप आहेस. तो म्हणाला, "म्हटलं. मास्तरच्या आवाजात म्हटलं, मायच्या आवाजात म्हटलं. सुनंदा आयकत नाही. म्हनते, हे तुम्ही नाही बोलून राह्यले."

जायचा दिवस आला. सुनंदा, तिची आई आणि यशू सकाळी सामान घेऊन स्टँडवर आल्या. यवतमाळची गाडी, तिथून पुढं पांढरकवडा, मग केळापूर. यशूच्या डोक्याला मफलर, दोन्ही हात कानांवर. दिवाकर खिडकीत होता. बायको त्याच्या समोरून गेली, तो तिच्या पदराच्या काठाकडे बघत राहिला. गाडी लागली. त्या तिघी चढल्या आणि मागच्या चाकावरच्या सीटवर बसल्या. गाडी पुकारायची होती. दुसरं कोण पुकारणार?

भोंगा खरखरला. "हं-हं... प्रवाशांनी..." आणि तुटला. पुन्हा खरखर. मास्तरांचा आवाज निघाला, दोन शब्द, तुटला. त्याच्या आईचा. कॅन्टीनवाल्याचा. मग माझा, शिळेसकट, "प्रवाशांनी इक..." एकामागून एक माणूस दाराशी येऊन परत जावा तसं चाललं होतं. वहिनी बाकावरून अर्धवट उठल्या होत्या. मग काहीच नाही. माईक उघडा, आणि सगळ्या स्टँडवर नुसता श्वास. माणसं जिथल्या तिथं उभी राहिली. कुत्रीसुद्धा बाकांखालून बाहेर आली, हे मी पाहिलं.

आणि मग आम्ही तो आवाज ऐकला. पूर्वी कधीच न ऐकलेला. खालचा, सपाट, चढ नाही उतार नाही, प्रत्येक शब्द वेगळा उचलून ठेवलेला.

"यवतमाळची गाडी. फलाट एकवर हाये. तिच्यात माही पोरगी हाये. तिले चाकावर बसवू नका. तथी आवाज होते. तिले समोर बसवा, खिडकीपाशी. तिच्यात कोनी नाही. तिच्यात यशूच हाये. मले ते पाहिजे."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. हा कोणाचा? आता आणखी कोण मेलं? देवतळे वहिनींनी माझी बाही धरली. "भाऊ, हा कोन व्हय? हा तं कधीच नाही आयकला."

मला माहीत होतं; मी गाडीकडे बघत होतो. गाडीच्या खिडकीत यशूनं कानांवरचे हात काढले होते आणि ती भोंग्याकडे तोंड करून बसली होती. सुनंदाचा चेहरा मला दिसला नाही. डबल बेल झाली. गाडी हलली, वळणावरून गेली. दिवाकरनं माईक बंद केला, नीट, आठवणीनं.

त्या दिवसापासून देवतळे साहेब बोलले नाहीत. मास्तर गेले, आई गेली, मीही गेलो. भोंग्यातून फक्त तो सपाट आवाज यायचा, आणि लोकांना तो देवतळे साहेबांपेक्षा जास्त भिववायचा. मेलेल्याचा आवाज निदान ओळखीचा होता. पोरं-बाळं असलेल्या बाया गाडी येईपर्यंत रस्त्यापलीकडे उभ्या राहायला लागल्या. वहिनी मात्र बाकावर येत राहिल्या. दिवाकरचा डबा पुष्कळदा तसाच परत जाई. दुपारी यवतमाळहून येणाऱ्या गाडीच्या वेळेला तो कानांतले बोळे काढून बसे, एवढं मी बघायचो.

बाबाची मुदत संपायच्या आत एका दुपारी त्या गाडीतून सुनंदा उतरली. कडेवर यशू. म्हातारी नाही. सुनंदा सरळ माझ्या स्टॉलशी आली, पाणी मागितलं, घटाघटा प्यायली.

"काका, तथी गेल्यापासून यशू एकच बोलते. तोच आवाज. 'चाकावर बसवू नका, तथी आवाज होते.' बाबा इचारे, तू कोन? ते म्हने, 'चाकावर बसवू नका.' बाबाचे आमच्या घरचे सगळे मेलेले इचारून झाले. माहा आजा, माहा काका, इहिरीत पडलेली मावशी. एकाशी बी जुळे ना. मंग त्याच्याजवळ बसनाऱ्या मानसाईच्या घरचे मेलेले इचारले. बाबा घामाघूम झाला. मायले म्हने, हा कोनीतरी बहुत जुना हाये, मले सापडत नाही." ती थांबली. "मले मालूम होतं कोन हाये ते. माहा नवरा हाये. लग्नाच्या इतक्या वर्सात गाडीत बसून पहिल्या बार आयकला. तो जिता हाये, त्याले बाबा कुठून काढन?"

ती खिडकीशी गेली. तिनं यशूला कठड्यावर बसवलं. दिवाकरनं लेकीकडे पाहिलं नाही, तिनं बापाकडे पाहिलं नाही. दोघंही त्याच एका भिंतीकडे बघत होती. मग यशू म्हणाली, "तिले समोर बसवा." दिवाकर म्हणाला, "खिडकीपाशी." पोरीचा आवाज बारीक आणि त्याचा खालचा, पण चाल अगदी एकच होती. सुनंदा मध्ये उभी राहून दोघांना ऐकत होती.

नारळ पुढं कमी झाले. सगळे थांबले असं मी म्हणणार नाही. यशू आता थोडं थोडं स्वतःचं बोलते म्हणतात, बापाच्या त्या चालीवर.

गेल्या हिवाळ्यात मी स्टॉल बंद केला आणि मुलाकडे अमरावतीला राहायला निघालो. सामान गाडीत टाकून फलाटावर उतरलो, तर वहिनी भोंग्याखाली बसलेल्या. शेजारी थर्मास. मी म्हटलं, "वहिनी, साहेबांचा आवाज बंद होऊन किती दिवस झाले. आता इथं कोणाला ऐकता?"

त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "त्याले. जितं मानूस बोलून राह्यलं, भाऊ. कोनीतरी आयकाव का नाही?" आणि झाकणात चहा ओतून त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि कठड्यावर ठेवून आल्या.

गाडीत मी समोरच्या सीटवर बसलो, खिडकीपाशी. तिथून आतलं दिसत होतं. दिवाकर भिंतीकडे तोंड करून, त्याच्या शेजारच्या स्टुलावर यशू, तीही भिंतीकडे तोंड करून, दोघांच्या कानांत पांढरे बोळे, मध्ये माईक. चहाचा एक घोट त्यानं घेतला. भोंगा खरखरला. आधी श्वास ऐकू आले, एक मोठा, एक लहान. मग माझी गाडी पुकारली गेली, आणि भोंग्याच्या खरखरीत दोघांपैकी कोणी पुकारली ते मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.